झोपेतली झटापट

मेंदूविकारांच्या डॉक्टरबाईंनी गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि शेवटच्या पेशंटला आत बोलावलं. काच कारखान्यातला भट्टीवाला होता तो. दाराएवढा माणूस, पण खुर्चीच्या टोकावर अंग चोरून बसला. सोबत बायको. तिने स्कार्फ सोडला. गळा काळानिळा पडला होता.

"आम्ही दोघंही रात्रपाळीला, दिवसा झोपतो," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "झोपेत हे अंगावर धावून येतात. कपाट फोडलं, माझी बरगडी मोडली. जागेपणी मात्र मुंगीलाही जपतात."

"मी हिला मारत नाही," भट्टीवाला जमिनीकडे बघत म्हणाला. "तो हिच्या छातीवर बसतो. मी त्याला ओढून काढतो. त्या ओढाताणीत हिला लागतं."

डॉक्टरबाईंनी असे पेशंट बरेच पाहिले होते. त्यांनी शांतपणे समजावलं. स्वप्न पडत असताना मेंदू शरीराला कुलूप घालतो, म्हणून आपण स्वप्नात धावलो तरी अंथरुणातच राहतो. ह्यांचं ते कुलूप सैल झालंय. त्यांनी गोळी लिहून दिली, दोघांना वेगळं झोपायला सांगितलं आणि झोपेची तपासणी ठेवली.

तपासणीला दोघं कामावरून थेट आली. भट्टीवाल्याच्या डोक्याला, हनुवटीला, पायांना वायरी चिकटवल्या. बायकोचेही डोळे मिटत होते; ती शेजारच्या खोलीत आडवी झाली. काचेपलीकडे डॉक्टरबाई आणि तंत्रज्ञ पडद्याकडे बघत बसले.

स्वप्न सुरू झालं. स्नायूंची रेघ सपाट राहिली.

"गोळी लागू पडली," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कुलूप बसलं."

मग त्याच्या काळजाचे ठोके भरधाव सुटले. पापण्यांखाली बुबुळं सैरभैर धावू लागली. मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. अंग मात्र दगड.

भिंतीपलीकडे काहीतरी धाडकन आपटलं.

डॉक्टरबाई धावल्या. बायको फरशीवर पडली होती. पलंगाचा लोखंडी गज वाकला होता. तिच्या तोंडातून रक्त येत होतं, टाचा फरशीवर घासत होत्या.

खोलीत दुसरं कुणीच नव्हतं.

डॉक्टरबाईंनी तिची मान धरली. गळ्याच्या कातडीत बोटांचे खड्डे पडले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत ते खोल जात होते.

"भट्टीवाल्याला उठवा," त्या ओरडल्या.

तंत्रज्ञाने त्याला गदागदा हलवलं, थोबाडीत मारली. अर्धवट झोपेतच त्याची मूठ हवेत फिरली. खड्डे हळूहळू भरून आले. बायकोने श्वास ओढला.

वायरी तोडून भट्टीवाला दारात आला. बायकोशेजारी बसून त्याने तिच्या तोंडाचं रक्त पुसलं.

"आज मला हलताच का येईना, डॉक्टर?"

लागू पडलेली गोळी डॉक्टरबाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच बंद केली.

पुढच्या वेळी बायको एकटीच दाखवायला आली. आवाज अर्धाच उरला होता, पण चेहऱ्यावर तजेला होता.

"गेला तो," ती म्हणाली. "ह्यांनी झोपेतच त्याला बदडत दाराबाहेर काढलं. ह्यांच्या मुठी सोलून निघाल्या. आता त्रास म्हणाल तर फक्त घोरण्याचा."

डॉक्टरबाई हसल्या. तिने स्कार्फ गुंडाळला आणि दाराशी घुटमळली.

"आमच्या वरच्या मजल्यावर एक आजी एकट्याच राहतात. हल्ली डोळा लागला की छातीवर ओझं येतं म्हणून झोपायलाच घाबरत होत्या. काल गल्लीतल्या डॉक्टरांनी त्यांना झोपेची गोळी दिली. दुपार झाली, अजून दार उघडलेलं नाही."