विचारून सांगते

बसला गचका बसला, चष्मा नाकावरून पडला आणि माझ्याच पायाखाली आला. उतरून चाचपडत समोरच्या चष्म्याच्या दुकानात शिरले.

"कुठली आवडली?" एकेक फ्रेम माझ्या नाकावर चढवत चष्मेवाल्याने विचारलं.

रिकाम्या फ्रेममधून आरशात मला नुसतं धुकं दिसतं. म्हणून आजवर आई शेजारी उभी राहून सांगायची, "हीच शोभते तुला." कपडे, कॉलेज, नोकरी... सगळं तसंच शोभत आलेलं.

"तुम्हीच सांगा ना..."

"छे! नाक तुमचं, मी कोण सांगणार?"

त्याने मोबाईलवर माझे फोटो काढले. मी ते डोळ्यांशी नेऊन पाहिले. लाल फ्रेममधली ती हसरी बाई... मी? इतकी आवडली मला ती! तरी घेतली नेहमीची तपकिरीच. आईला लाल भडक वाटतं.

मग चष्म्याची दांडी वरचेवर सैल होऊ लागली.

"आपोआप होते, की कोणी करतं?" स्क्रू आवळत तो गालात हसायचा. दांडी कानामागे बसवताना त्याची बोटं जराशी रेंगाळायची, आणि मी... मी श्वास घ्यायलाच विसरायचे.

एका संध्याकाळी तो म्हणाला, "महिनाअखेरीला दुकान विकून ताईच्या गावी चाललोय. येशील... कायमची?"

जीव हो-हो म्हणत होता. तोंडातून मात्र सवयीने निघालं, "आईला विचारून सांगते."

"मी तुला विचारलं होतं गं," तो हळूच म्हणाला.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि चक्क म्हणाली, "तुला काय वाटतं?" उभ्या जन्मात तिने हे विचारलं नव्हतं. ती बोलेल म्हणून मी थांबले, मी बोलेन म्हणून ती. त्यात महिना सरला.

शेवटी मीच फोन लावला. "माझं... हो आहे."

"ताईने स्थळ आणलं होतं," तो म्हणाला. "तुझं काहीच कळेना... मी शब्द देऊन बसलो गं."

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. तिथे आता नवा माणूस होता. मी लाल फ्रेमवर बोट ठेवलं.

"घरी कुणाला दाखवून घेताय का?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "ज्याला दाखवायची होती, तो गेला. काचा बसवा."