मगदुमांची मूठ

कोल्हापूरजवळच्या त्या फौंड्रीत आता चाळीस पोलादी हात होते आणि काचेच्या नियंत्रण-कक्षात दोन माणसं. आप्पासो मगदूम आले तेव्हा दाराने त्यांना 'पाहुणे' ठरवून आत घेतलं. एकतीस वर्षं ते याच दारातून कामावर येत होते.

"मामा, तुमची मूठ बिघडलीय," कारखान्याच्या प्रमुख डॉ. रेवती इंगवले म्हणाल्या.

"माझी न्हवं मॅडम, तुमची. माझी अजून भाकरी मोडती."

मूठ म्हणजे साच्याच्या वाळूची परीक्षा. वाळू मुठीत दाबायची, मोडायची, पास की नापास ते सांगायचं. चार वर्षांपूर्वी मगदुमांनी सहा महिने स्पर्शमोजा घालून हेच केलं. मोज्याने दाब, वेळ, निकाल, सगळं टिपलं. त्यातून पोलादी हातांना चालवणारी 'हस्तबुद्धी' घडली, आणि मगदुमांसकट एकशे बारा जणांना हार-नारळ मिळाले. शिकवणाऱ्याचा मान म्हणून मगदुमांना वर एक शालही.

"दुपारी दोननंतर ती चांगली वाळू दोनदा नापास करते," रेवती म्हणाल्या. "दर वेळी पंधरा मिनिटं काम बंद. कारण सापडेना, तर रोज दुपारी तपासायला तुम्हालाच परत घ्यावं लागेल."

मगदुमांना कारण तेव्हाच कळलं होतं. पण घरी बसून ते आमटीतलं मीठ तपासू लागले होते, आणि तिथंही त्यांचा निकाल कुणी विचारत नव्हतं. "येतो की रोज," ते म्हणाले.

"हस्तबुद्धीला वाळू कळत नाही," अभियंता इर्शाद मुल्लाणी म्हणाला. "मामा काय म्हणतील, एवढंच कळतं. म्हणजे चूक मामांची. वय झालं हुतं व्हय मामा? दुपारनंतर हाताला समजंना?"

मगदूम उसळले, आणि हाती आलेली नोकरी तिथंच गेली.

"हाताला समजंना? अरे, वाळू चोख असायची! दोननंतर साचे भरणाऱ्या मोल्डरांच्या मनगटात जीव ऱ्हायचा न्हाई. बसायची सोय न्हवती. मग मी म्हणायचो, ओली हाय, परत मळा. मिक्सर फिरायचा, तेवढी माणसं टेकायची. माझ्या मुठीला उलटं कोण विचारणार?"

इर्शादने पडद्यावर काहीतरी उघडलं आणि हसायचा थांबला.

"मॅडम, आपल्या बाकीच्या कारखान्यांत हातांचे सांधे वर्षात झिजतात. इथं सुरुवातीपासून एकही बदललेला नाही. तापलेले सांधे त्या अर्ध्या तासात निवतात."

रेवतींनी पडद्यावरचे आकडे पाहिले. "मग दुरुस्त करायचं नाही. ही विश्रांती सगळीकडे लागू करा. मामा, फार मोठं काम केलंत. आता तुम्हाला त्रास नाही."

मगदुमांनी मान हलवली.

"इतकी फायद्याची सुट्टी," रेवतींनी विचारलं, "तेव्हा मागितली का नाही?"

"मागितली की. लेखी, दोनदा. साहेब म्हणाले, दमला तर दुसरा माणूस मिळतोय."

दोन वाजले. 'वाळू ओली,' असा आवाज झाला आणि चाळीस हात सावकाश खाली आले. मगदूम त्यांच्या कडेकडेनं निघाले, चप्पल न वाजवता. दमलेलं माणूस टेकलं असलं, की जावं तसं.