कुणाचंही ऐकणारं शेंडेफळ

"खर्रर्र... फुस्स!"

भर दुपारी, सगळी वस्ती चिडीचूप असताना अंगणातला कोरडा नळ खोकला. मग भडाभडा पाणी!

सुट्टीत मामाकडे आलेल्या आम्रपालीच्या हातातली कैरीची फोड खाली पडली. नळाला पाणी आलं म्हणजे शेतातल्या विहिरीवरची मोटर चालू झाली. ती तर पवनमामा फोनवरून चालू करायचा. त्याचा फोन समोर कोनाड्यात चार्जिंगला, आणि मामा माजलगावच्या बाजारात!

"तिसऱ्यांदा झालं हे," मामेबहीण चैताली कुजबुजली.

"भूत!" आम्रपालीचा धाकटा भाऊ बाळू तिच्या पाठीला चिकटला.

"गप रे! भुताचा काय ऊस वाळायलाय?" चैताली म्हणाली खरी, पण तिनंही आम्रपालीचा हात घट्ट धरला.

तिघं पळतच विहिरीवर गेली. तिथं चिटपाखरू नव्हतं. खोल पाण्यातून मोटरीची घरघर येत होती आणि काठावरच्या स्टार्टरच्या पेटीवरचा हिरवा दिवा डोळ्यासारखा मिचमिचत होता. चैतालीनं डोळे मिटून पेटीचं लाल बटण दाबलं. घरघर थांबली. मग जे धावत सुटली, ते घरीच!

संध्याकाळी मामा खो खो हसला. "लाइटीचा खेळ असंल! केबलचा जोड खराब झालाय. उद्या उतरून बदलतो."

"पण मामा, त्या पेटीत असतं काय?" आम्रपालीनं विचारलं.

"कॉम्प्युटर हाय त्यो!"

"एवढासा?" बाळूचे डोळे विस्फारले.

चैताली नुकतीच कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागली होती. "अरे, त्यांचं पण आपल्यासारखंच भावाभावांचं मोठं खटलं असतं. थोरला सुपर कॉम्प्युटर. हॉलच्या हॉल अडवून बसतो, वादळ-पावसाची अवघड गणितं सोडवतो. त्याच्या पाठचा मेनफ्रेम, मोठ्या बँकांत हजारो लोकांचे व्यवहार एका दमात सांभाळतो. मग कचेऱ्यांतले सर्व्हर, शाळेतला टेबलावरचा, खिशातला फोन... आणि पेटीतलं हे शेंडेफळ! याला एकच काम येतं. आतल्या सिमवर फोन आला की मोटर चालू."

"कुणाचाही फोन?" आम्रपालीनं विचारलं.

"ठरावीक नंबरच चालतील असं बांधून देता येतं म्हणं," मामानं जांभई दिली. "पर त्ये कोण करीत बसतंय? आत सिमबी जुनंच घातलंय. म्हस इकली, दुधाच्या रतिबाचा नंबर पडून होता. नवं कावून घ्या? माझ्याबिगर कोण फोन करणार पेटीला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा विहिरीत उतरला. "मोटर बंद हाय, फोन माझ्या खिशात. फ्यूज काढायची काय गरज?" चैताली नि बाळू काठावर बसले. जोडाला गुंडाळायची काळी पट्टी घरी राहिली, म्हणून आम्रपाली धावली.

दारात पलीकडच्या वस्तीवरच्या चंद्रभागाबाई उभ्या! हातात रिकामी किटली. ऊसतोडीवरून त्या चार दिवसांपूर्वीच गावी आल्या होत्या.

"पवनचं दूध बंद हाय का गं? आल्यापसून रोज मिसकॉल देतेय, उचलीतच न्हाई मेला! थांब, तुझ्याम्होरंच लावते."

त्यांचा अंगठा बटणावर टेकला.

रोज मिसकॉल... रतिबाचा नंबर... पेटी! आणि मामाच्या हातात उघड्या तारा!

"आजी, नको!" आम्रपालीनं फोन हिसकावला, कापला. घंटी गेली का? गेली असली तर?

तिनं नळाकडे पाहिलं. 'खोकू नकोस रे... खोकू नकोस!'

नळ गप्प. थेंबसुद्धा नाही. पण जोडच सुटलेला असला तर पाणी येणार तरी कसं?

ती अनवाणीच पळत सुटली. "मामा, वर ये! आधी फ्यूज काढ!"

मामा घाईनं वर आला. सगळं ऐकून त्यानं एकदा आपल्या हातांकडे पाहिलं. मग आधी फ्यूज काढला. त्याच संध्याकाळी त्यानं पेटीला फक्त आपला नंबर बांधून दिला.

"माझ्या हातून इपरीत झालं असतं की गं बाई!" चंद्रभागाबाईंनी आम्रपालीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

"माझी चूक, मावशी," मामा म्हणाला. "ही पोरगी होती म्हणून मी हाय. लई हुशार गं बाय!"

आम्रपाली अंगणातल्या पायरीवर बसली. बाळू तिच्या मांडीवर डोकं टेकून नळाकडे बघत होता.

"ताई, मामा विहिरीत आहे, हे शेंडेफळाला कळलंच नाही ना?"

"नाही रे."

"मग त्या थोरल्या सुपर कॉम्प्युटरला तरी कळलं असतं का गं?"