दस्तगीरमामांचं हातवळण

जयसिंगपूरच्या मंगल कार्यालयात हळदीचा कार्यक्रम रंगात आला होता. मंचावर अजित उपाध्ये एकटाच कीबोर्ड घेऊन बसला होता, पण हॉलमध्ये ढोलकी घुमत होती, घुंगरू वाजत होते, मागून व्हायोलिनचा अख्खा ताफा येत होता. अजित उजव्या हाताने गाणं वाजवायचा, डाव्या हाताने तीन पट्ट्या एकदम दाबून सुरांचा मेळ बदलायचा, आणि सगळी साथ त्याच्यामागोमाग वळायची. कीबोर्डमधल्या असल्या तयार साथीला वादक मंडळी ‘स्टाइल’ म्हणतात. त्यात आता कुणाला नवल वाटत नव्हतं. नवलाची गोष्ट वेगळीच होती. ती ढोलकी ज्यांच्या हातची होती, ते दस्तगीर मुजावर तिसऱ्या रांगेत बसून जिलबी खात होते.

“तोडा बरोबर जागेवर घेतलाय गं,” शेजारी बसलेल्या वैजयंतीला ते म्हणाले. “मीबी इथंच घेतला असता.”

“तुमच्याकडूनच शिकलंय ते यंत्र, मामा.”

ते खूश झाले. त्यांच्या उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर ठेका धरत होती. डावा हात मांडीवर पालथा पडला होता. वैजयंतीचं गाण्याकडे लक्षच नव्हतं. ती त्या हाताकडे बघत होती. गेले तीन आठवडे तिला त्याचीच धास्ती होती.

वैजयंती मगदूम इचलकरंजीत राहायची आणि कीबोर्डसाठी स्टाइल बनवायची. यंत्रमागांचा खडखडाट आत येऊ नये म्हणून तिने खोलीच्या चारही भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. सुरुवातीला हे काम साधं पण चिवट होतं. ढोलकीवाल्याला बसवायचं, वाजवून घ्यायचं, मग संगणकावर त्या रेकॉर्डिंगचे तुकडे पाडायचे. हा उठाव, ही मधली चाल, हा तोडा, ही अखेर. ते तुकडे कीबोर्डच्या फायलीत नीट बसवले की स्टाइल तयार. वाजायची बरी, पण दहाव्या फेरीला ऐकणाऱ्याला कळायचंच की मागे माणूस नाही.

मग ‘हातवळण’ नावाचं सॉफ्टवेअर आलं. ते तुकडे पाडत नसे, ते वादकाची खोड शिकायचं. घड्याळाच्या काटेकोर ठोक्यापेक्षा या माणसाची थाप किंचित आधी पडते की नंतर, जोरात पडते की हलकी, आणि कोणत्या जागी. वादक याला ‘झोल’ म्हणतात. सेकंदाचा शंभरावा हिस्सा, कधी त्याहूनही कमी. पण गाणं डोलतं ते त्याच्याच जिवावर. एकदा झोल कळला, की त्या वादकाने जन्मात न वाजवलेली साथसुद्धा सॉफ्टवेअर त्याच्याच हाताने वाजवून दाखवी. वैजयंतीने त्याला दस्तगीरमामांची अकरा वर्षांची रेकॉर्डिंगं ऐकवली होती.

अकरा वर्षांत हात बदलतो. जुनं आणि नवं रेकॉर्डिंग एकमेकांत मिसळावं, म्हणून सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी त्यात एक काळपट्टी दिली होती. ती डावीकडे सरकवली की सहा वर्षांपूर्वीचे मामा वाजत, दहा वर्षांपूर्वीचे वाजत. पण आजचा दिवस कुठे संपतो हे गणिताला ठाऊक नसतं. बदलाची रेघ अकरा वर्षं जशी गेली, तशीच ते ती पुढे ओढत होतं. तीन आठवड्यांपूर्वी वैजयंतीचं बोट घसरलं आणि पट्टी उजवीकडे, आजच्या पलीकडे तीन वर्षं जाऊन थांबली.

उजव्या हाताची थाप स्वच्छ होती. डाव्या हाताचा घुमारा मात्र प्रत्येक फेरीला मागे रेंगाळत होता, बारीक होत होता. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, जिथे तो दणक्यात यायचा, तिथे तो आलाच नाही. अंधारात जिना उतरताना एखादी पायरीच नसावी, तसं तिला झालं.

आधी तिला सॉफ्टवेअरची चूक वाटली. तिने आणखी दोन ढोलकीवाल्यांची जुनी रेकॉर्डिंगं घातली आणि पट्टी तशीच पुढे नेली. ते दोघे थोडे संथ झाले, बाकी होते तसेच राहिले. मग तिने मामांची मूळ रेकॉर्डिंगं एकेक करून मोजली. चार वर्षांपासून डावा हात मागे पडत होता. कानाला कळणार नाही इतकाच. पण दर बैठकीला आधीपेक्षा थोडा जास्त. तिने सॉफ्टवेअरच्या लोकांना पत्र लिहिलं. उत्तर लगेच आलं: सॉफ्टवेअरला आजार कळत नाही, त्याला फक्त रेघ कळते, आजच्या पुढची पट्टी पुढच्या आवृत्तीत बंद करत आहोत. ते पत्र तिने चार वेळा वाचलं. जे एकदा ऐकलं ते आता कसं बंद करायचं, याबद्दल त्यात काही नव्हतं.

हळदीच्या दुसऱ्या दिवशी अजित तिच्या खोलीवर आला. तिच्या स्टाइल गावोगावच्या कीबोर्डवाल्यांपर्यंत तोच पोचवायचा.

“ताई, मामांची नवी स्टाइल कधी सोडायची? सगळे मागं लागलेत.”

तिने पट्टी तीन वर्षं पुढे नेऊन त्याला ऐकवलं. अजित कानसेन होता. दुसऱ्याच फेरीला त्याने मान वर केली, आणि थोड्या वेळाने स्वतःच पट्टी धरून डावीकडे ओढली.

“सहा वर्षं मागं घ्या. हे मामा द्या लोकांना. प्रश्न मिटला.”

“स्टाइलचा मिटला. मामांचा?”

“आपण काय डॉक्टर आहोत? समजा तुम्ही सांगितलंत आणि काहीच निघालं नाही. त्या धसक्यानंच त्यांचा हात आखडला, तर काय करायचं?”

तो चुकीचं बोलत नव्हता, म्हणूनच तिला जास्त त्रास झाला. पुढचे चार दिवस ती जागेवर टिकेना. फोन उचलायची, मामांचं नाव काढायची, ठेवून द्यायची. जेवताना ताटात बोटांनी ठेका धरायची आणि आपलाच डावा हात मागे पडतोय का ते बघायची. पाचव्या दिवशी सकाळी तिने लॅपटॉप पिशवीत घातला आणि मामांच्या गावाची, कुरुंदवाडची एसटी पकडली.

मामा ओसरीवर ढोलकीच्या दोऱ्या ओढत बसले होते. जैतूनमामींनी चहा आणला. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि वैजयंतीने एकदाचं विचारलं, “मामा, डावा हात कसा आहे?”

“कसा म्हंजे? हाय की जागेवर.”

“जड वाटतो का कधी?”

मामा काही बोलायच्या आत मामी म्हणाल्या, “शर्टाची बटणं वर्षभर मीच लावते. मला वाटलं, म्हातारपणी लाड करून घेतायत.”

मग वैजयंतीने सगळं सांगितलं. पट्टी, रेघ, समेवरची पोकळी. सांगताना तिची नजर चहाच्या कपातून वर आली नाही.

“ऐकव,” मामा म्हणाले.

“नको मामा. तो नुसता अंदाज आहे.”

“माझाच हात हाय न्हवं? मग ऐकव.”

त्यांनी डोळे मिटून दोन फेऱ्या ऐकल्या. तिसऱ्या फेरीला ढोलकी मांडीवर ओढली आणि बरोबरीने वाजवायला लागले. रिकामी सम आली तेव्हा तेही अडखळले. पुन्हा आली, तेव्हा त्यांनी ती मुद्दामच सोडली आणि अर्ध्या मात्रेनंतर उजव्या हाताची अशी एक कडक थाप दिली, की मागची पोकळी त्या थापेचीच वाट बघत होती असं वाटावं. आणखी दोन फेऱ्या त्यांनी तशाच घेतल्या.

“एवढंबी सुचलं न्हाई त्याला,” लॅपटॉपकडे बघून ते म्हणाले. “डावा येत न्हाई म्हटल्यावर तिथं वाट कोण बघत बसंल? जागा मोकळी सोडायची आन् उजव्यानं पुढं गाठायचं.” आवाज नेहमीचाच होता. पण ढोलकी खाली ठेवल्यावर त्यांनी डावा हात उजव्या हाताखाली धरला आणि बराच वेळ सोडला नाही. “किती वर्सं म्हणालीस?”

“तीन. पण ती रेघ आहे मामा, खरं तसंच होईल असं नाही.”

“चला मग,” मामी उठल्या. “मिरजेला जाऊ.”

मिरजेच्या डॉक्टरांनी मामांना अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवायला लावली, दालनात चालायला लावलं, कागदावर सही करायला सांगितली. मामा लिहायचे डाव्या हातानेच, आणि ती सही जुन्या लायसन्सवरच्या सहीपेक्षा निम्मी झाली होती. कंपवाताची सुरुवात होती.

“लोक हात थरथरायला लागल्यावर येतात,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही बरेच आधी आलात. कुणी पाठवलं?”

“माझ्याच ढोलकीनं,” मामा म्हणाले.

औषधाने आजार जाणार नव्हता, पण हात बराच काळ चालता राहणार होता. ठेका धरून चाला, रोज वाजवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिघं संध्याकाळच्या एसटीने परतली. वैजयंतीला वाटलं होतं, सांगून टाकल्यावर जीव शांत होईल. तो झाला नाही.

महिन्याभराने मामा स्वतः इचलकरंजीला आले. अजितही तिथे होता. सहा वर्षांपूर्वीची साथ तयार असल्याचं त्याने सांगितलं, तेव्हा मामांनी हात वर केला. “त्यो दस्तगीर मी गेल्यावर विका. आता आजचा द्या.” आणि गाद्यांच्या त्या खोलीत बसून त्यांनी दोन तास वाजवलं. प्रत्येक आवर्तनात सम मोकळी, आणि तिच्यामागून ती कडक थाप.

‘मोकळी सम’ या नावाने ती स्टाइल निघाली आणि सांगलीपासून बेळगावपर्यंत पसरली. हळदीत, बारशात, शाळेच्या स्नेहसंमेलनात लोकांची पावलं त्या रिकाम्या जागी क्षणभर हवेत थांबायची आणि मग एकदम पडायची. लोकांना ते फार आवडलं. मामांनाही आवडलं. औषध लागू पडलं होतं. चांगले दिवस बरेच असत, वाईट दिवस थोडे. वैजयंती दर दोन महिन्यांनी त्यांचं नवं रेकॉर्डिंग मोजायची. सॉफ्टवेअरला मात्र काहीच उमगत नव्हतं. आजाराने रिकामी झालेली सम आणि मामांनी जाणून सोडलेली सम, त्याच्या लेखी एकच होती. दोन्ही मिळून तो त्यांचा हात होता.

दोन वर्षांनी, एका रविवारी दुपारी, ती मामांना घेऊन सांगलीला महिलांच्या ऑर्केस्ट्राला गेली. ढोलकीवर उत्कर्षा भोरे नावाची चोविसेक वर्षांची मुलगी होती. हात तयार, मान ताठ, चेहऱ्यावर मजा. पहिल्याच गाण्यात तिने सम मोकळी सोडली. मग दुसऱ्या गाण्यात. मग तिसऱ्या गाण्यात, जिथे ती सोडायचं काही कारण नव्हतं. श्रोते डोलत होते. मामा खुर्चीत पुढे सरकले.

“हिचा हात बरा हाय न्हवं?” ते हळूच म्हणाले.

“तुमची स्टाइल लावून रियाज करत असेल मामा. सगळीच पोरं करतात.”

“करत असंल. पण तू कशावरनं सांगतीस?”

वैजयंतीने मंचाकडे निरखून पाहिलं. नाचणाऱ्या बायकांच्या पलीकडे तिला फक्त त्या मुलीचा डावा हात दिसत होता, आणि तो आळसावला होता की थकला होता की नुसता ऐटीत थांबला होता, हे या अंतरावरून कळत नव्हतं. उत्कर्षाच्या वादनाची रेघ काढली तर तीत ती पोकळी दिसणारच होती. ती कुठून आली, हे सॉफ्टवेअर सांगणार नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर उत्कर्षा धावत येऊन मामांच्या पाया पडली. मामांनी तिला उठवलं, तिचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि विचारलं, “पोरी, ती सम तू मुद्दाम सोडतीस का गं?”

उत्कर्षा हसली. “कुठली सम, मामा?”

मामांनी वैजयंतीकडे पाहिलं. भोवती लोक मुलीचं कौतुक करत होते, कुणी फोटोसाठी बोलावत होतं. वैजयंती एक पाऊल पुढे आली. सहज आठवल्यासारखं करून तिने विचारलं.

“उत्कर्षा, मामांची ‘मोकळी सम’ यायच्या आधीची तुझी जुनी रेकॉर्डिंगं आहेत का गं कुठे?”