सिंहाची शेपटी कुठे गेली?

"ढापण्या, डोकं बाजूला घे! उजेड अडतोय!"

टिटवी पेन्सिल घेऊन पेटीवर वाकली होती. काचेखाली तांब्याची जुनी नाणी मांडलेली, वर पारदर्शक कागद पसरलेला. सुट्टीत दोघं चित्रं काढायला संग्रहालयात यायची. आज मात्र मावशीची अब्रू पणाला लागली होती.

टिटवीची मावशी या दालनाच्या किल्ल्या सांभाळायची. सकाळी नव्या साहेबांनी भिंतीवरचं चित्र पाहिलं. चित्रात अख्खा सिंह, खाली वेगळ्या ठेवलेल्या नाण्यावर मात्र नुसती शेपटी! "खरं नाणं लंपास झालंय! किल्ल्या कुणाकडे होत्या?" असं गरजून त्यांनी किल्ल्या काढून घेतल्या आणि थेट पोलिसांना फोन केला. तेव्हापासून मावशी स्टुलावर मान खाली घालून बसली होती. तिच्याकडे बघवत नव्हतं.

"या पेटीत तरी अख्खा सिंह कुठंय?" ढापण्या पुटपुटला. "एकावर आयाळ, एकावर पंजे... पार खांडोळी!"

"फलक वाच की! ठसा मोठा, तांब्याची चकती लहान. हातोडा मारला की चकतीवर मावेल तेवढाच सिंह उमटायचा!"

"साहेबांनी नाही वाटतं वाचला!"

टिटवीने एकेका नाण्याची नक्कल कागदावर उतरवली. मग कागद एकमेकांवर सरकवत तिने रेघेला रेघ जुळवली. डोकं आलं, पाठ आली, पंजे आले. चित्रातलाच सिंह! पण शेपटी?

"पेटीतल्या एकाही नाण्यावर शेपटी नाही," ढापण्याचा आवाज चिरकला.

टिटवीने पुन्हा सगळे कागद चाळले. मग ती एकदम उडालीच! धावत जाऊन तिने चित्राखालच्या नाण्याची नक्कल काढली. शेपटी सिंहाला चपखल बसली, टोकाच्या झुपक्यासकट!

"साहेब!" ती ओरडली. "हे चित्र एका नाण्याचं नाहीच! सगळी जुळवून काढलंय! आणि शेपटी फक्त या नाण्यावर आहे. मग चित्रकाराने ती कशावरून काढली? हेच खरं नाणं!"

साहेबांनी कागद स्वतः जुळवून पाहिले. त्यांचे कान लाल झाले.

"मावशी, चुकलो. माफ करा," त्यांनी किल्ल्या पुढे केल्या. "आणि शाबास, पोरांनो! जे मला सुचायला हवं होतं, ते तुम्ही..."

मावशीने टिटवीला घट्ट जवळ ओढलं. तिचे डोळे वाहत होते.

"साहेब, शाबासकी मागाहून द्या!" ढापण्या म्हणाला. "आधी पोलिसांना फोन लावा, येऊ नका म्हणून!"