रिकामं फायबर

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमागे, फुटपाथवरच्या उघड्या चेंबरपाशी गुणाजी भर दुपारी फतकल मारून बसला होता. चेंबरमधून गटाराचा दमट वास येत होता. उंदरांनी केबल कुरतडली होती आणि सकाळपासून चार मोबाइल टॉवर बंद पडले होते. खराब फायबरऐवजी नऊ नंबरचं रिकामं फायबर कापून जोडायचं, एवढंच काम होतं.

पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. गेल्या गणपतीत गुणाजीने कागदावर भरवसा ठेवून असंच एक ‘रिकामं’ फायबर कापलं आणि ते चालू निघालं. चाळीस मिनिटं सेक्टरभर फोन बंद. तेवढा वेळ सुंदराबाई नावाची एक म्हातारी नवऱ्यासाठी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावत राहिली. लागला नाही. ते कळल्यापासून गुणाजीला धड झोप नव्हती. आता चिमट्याचा मीटर लावल्याशिवाय तो काहीच कापत नसे. फायबरमधून उजेड धावत असला की मीटर वाजतो, आणि तो कुठे चाललाय ते बाण दाखवतो.

त्याने नऊ नंबर चिमट्यात धरलं. मीटर वाजला.

दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून त्याने कंट्रोल रूमला फोन लावला. “राधा मॅडम, नऊ चालू दाखवतोय.”

“शक्यच नाही काका. दोन्ही टोकं मोकळी आहेत, आत्ताच बघून घेतलंय. मीटर गंडलाय तुमचा.”

त्याने रिळावरचं कोरं फायबर चिमट्यात धरलं. मीटर गप्प. पुन्हा नऊ. वाजला.

“मॅडम, यावर कोणीतरी आहे.”

राधा म्हणाली, “चार टॉवर बंद आहेत काका. आजपण कोणीतरी फोन लावत असेल ना? कापा.”

गुणाजीला स्वतःचीच लाज वाटली. त्याने कापलं.

जोड बसला. समोरच्या टपरीवर एकामागून एक फोन वाजू लागले.

“चारही आले. झकास, काका.”

त्याला हायसं वाटलं. पायात रुतू नयेत म्हणून तो कापलेल्या फायबरचे काचेचे तुकडे डबीत गोळा करू लागला. त्यात नऊ नंबरचा बोटभर तुकडा होता.

मनाची खात्री म्हणून त्याने तो चिमट्यात धरला.

मीटर वाजला. बाण त्याच्या छातीकडे होता.

त्याने तुकडा उलटा करून धरला.

बाण त्याच्याकडेच राहिला.