शिसवी गळा

अस्सल लाकडाचं काम हाताला लागून मिस्त्रीला बरीच वर्षं झाली होती. हल्ली लोकांना हवा असायचा दाबलेला भुसा आणि त्यावर चिकटवलेला लाकडाच्या चित्राचा कागद. तेही तो करून द्यायचा, पण अशा कामावरून घरी आला की त्याला जेवण जायचं नाही. "सुतार कसला, पाकिटं चिकटवणारा झालोय," असं बायकोला म्हणायचा. त्यामुळे निवृत्त न्यायाधीशांनी बोलावून शिसवाचं नाव काढलं, तेव्हा त्यानं हातातली सगळी कामं बाजूला सारली.

न्यायाधीशांचा दिवाणखाना लांबट होता. भिंतींवर एकही चित्र नाही, खिडक्यांना दुहेरी काचा, जमिनीवर जाड गालिचा. आत पाऊल टाकलं की आपलाच श्वास आपल्याला ऐकू यायचा. एका भिंतीलगत तीन बेढब टेबलांवर रेकॉर्ड प्लेअर, अॅम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर मांडलेले, आणि मागे वायरींचं जंजाळ.

"हे सगळं एकाच कपाटात बसलं पाहिजे," न्यायाधीश म्हणाले. "अखंड शिसव. इतकं भक्कम, की शेजारून कोणी चाललं तरी सुई हलता कामा नये. स्पीकर दोन टोकांना, लाकडाच्याच पेट्यांत. मला लाकडाचा आवाज हवाय, डब्याचा नको."

मिस्त्री मापं घेत होता तेवढ्यात न्यायाधीशांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. ट्रे ठेवता ठेवता त्या नकळत काहीतरी गुणगुणत होत्या. न्यायाधीशांनी नुसतं एक बोट वर केलं, कोर्टात करत असतील तसं. बाई अर्ध्या ओळीवर थांबल्या आणि आल्या पावली आत गेल्या.

"सूर धरता येत नसेल तर माणसानं गाऊ नये," बाई पुरत्या आत गेल्याही नव्हत्या तोच न्यायाधीश म्हणाले. "एवढं साधं आहे."

मिस्त्रीला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यानं मान डोलावली आणि मापाची टेप पुढे सरकवली.

त्या कामात त्यानं जीव ओतला. फळ्या काळसर होत्या, रंधा फिरला की आतून जांभळी झाक वर यायची. खिळा एकही वापरायचा नाही, सगळे सांधे खाच पाडून बसवायचे, असं त्यानं स्वतःशीच ठरवलं. कपाट एवढं लांब, की अख्खं दारातून जाणं शक्य नव्हतं, म्हणून जोडणी आणि पॉलिश दिवाणखान्यातच करायचं ठरलं.

सकाळी न्यायाधीश फिरायला आणि तिथून मित्रांकडे जायचे. ते गेटबाहेर पडले की बाई खुर्ची ओढून कपाटाजवळ बसायच्या.

"तुमची खटखट चालू आहे तोवर मला मुभा," त्या हसून म्हणाल्या, आणि गायला लागल्या.

मोकळा, भरदार आवाज होता. मिस्त्रीचा हात थांबला.

"लग्नाआधी गायचे मी," बाईंनी सांगितलं. "इथे आल्यावर एकदा पाहुण्यांपुढे म्हणत होते. यांनी मध्येच थांबवून चूक दाखवली. मग पुन्हा तोंड उघडायचा धीरच झाला नाही. मुलीला अंगाईसुद्धा मनातल्या मनात म्हटली." त्यांनी लाकडावरून तळवा फिरवला. "हे मात्र काही बोलत नाही बिचारं."

पॉलिश चढेपर्यंत त्या रोज गायल्या. फडकं फिरवताना मिस्त्रीचा हात आपोआप त्यांच्या लयीत चालायचा. त्याच्या हातून इतकं सुरेख काम यापूर्वी कधी झालं नव्हतं, हे त्याचं त्यालाच दिसत होतं.

काम पुरं झालं त्या संध्याकाळी न्यायाधीशांनी व्हायोलिनची एक रेकॉर्ड लावली. बाई कोपऱ्यात ओठ मिटून बसल्या होत्या. थोडा वेळ नुसतं व्हायोलिन वाजलं. मग त्याच्या तळातून एक बाईचा आवाज उठला. अगदी बारीक, पण स्वच्छ.

न्यायाधीश पुढे झुकले. "ही रेकॉर्ड मी इतकी वर्षं ऐकतोय. यात गाणं आहे हे मला माहीत नव्हतं!" त्यांनी मिस्त्रीचे दोन्ही हात धरले. "तुमच्या लाकडानं बाहेर काढलं हो हे."

मिस्त्रीचा ऊर भरून आला. बाईंकडे त्याचं लक्ष गेलं ते निघताना. त्या उंबऱ्यापाशी येऊन म्हणाल्या, "सावकाश जा, आणि घरी सगळ्यांना..." पुढचे शब्द आलेच नाहीत. ओठ हलले फक्त.

हवा दमट झाली तसा एक खण अडकायला लागला, म्हणून मिस्त्रीला पुन्हा बोलावणं आलं. दारातच त्याला गाणं ऐकू आलं. आता आवाज बारीक नव्हता, सगळं घर भरून होता. न्यायाधीश डोळे मिटून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही सुख होतं, की मिस्त्रीनं नजर वळवली. ती वळली नेमकी रेकॉर्ड प्लेअरकडे. त्यावर रेकॉर्डच नव्हती.

खण घासायला मिस्त्री तो मागच्या ओट्यावर घेऊन गेला. बाई पाठोपाठ आल्या. त्यांचं बोलणं आता घोगरी कुजबूज झालं होतं.

"हे घरातून काढा."

"बाई, नवं लाकूड आहे. कुरकुरतं थोडे दिवस."

"हे कुरकुरणं आहे?" त्यांनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "तुम्ही माझं गाणं ऐकलंय. इतक्या वर्षांत तुम्ही एकट्यानंच ऐकलंय. तुम्हाला ओळखू येत नाही?"

ओळखू आलं होतं. पहिल्याच संध्याकाळी आलं होतं. पण ते कपाट मोडायला त्याचं मन तयार होईना. "बघतो काहीतरी," असं पुटपुटून त्यानं खण बसवला आणि काढता पाय घेतला. बाकीच्या कामांमागे लपून दिवस ढकलले.

मग एका सकाळी बाई स्वतःच त्याच्या कारखान्यात आल्या. भुशाच्या ढिगातून चालत येऊन त्यांनी त्याची बाही धरली. तोंड उघडलं, मिटलं. कुजबूजही उरली नव्हती. डॉक्टरांना घशात काहीच सापडलं नाही, हे मिस्त्रीला बाहेरून कळलं होतं. त्यानं करवत आणि पटाशी पिशवीत टाकली आणि निमूट त्यांच्यामागे निघाला.

न्यायाधीश बाहेर गेले होते. दिवाणखान्यात गाणं चालू होतं.

मिस्त्रीनं प्लग काढला. गाणं थांबलं नाही.

त्यानं एकेक वायर सोडवली, दोन्ही स्पीकर ओढून गालिच्यावर ठेवले. रिकाम्या पेट्यांतून आवाज उलट जास्तच खुलला. मागची फळी काढून त्यानं आत हात घातला. आत ऊब होती. तापलेल्या यंत्राची नव्हे, कोणी नुकतंच उठून गेल्यावर अंथरुणात असते तशी. फळ्यांची आतली बाजू ओलसर लागली.

त्यानं बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. कापा.

त्यानं वरच्या फळीच्या कडेला करवत टेकवली आणि एक हात मारला.

गाणं तुटलं.

बाई खुर्चीतून अर्धवट उठल्या. दोन्ही हात गळ्यावर आले. तोंड उघडं, डोळे बाहेर, आणि आवाज नाही. मिस्त्रीनं झटक्यात करवत उचलली. त्या धापा टाकत खाली बसल्या. गळ्यावर बारीक लाल रेघ उमटली होती.

थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा कपाटाकडे बोट केलं. कापा.

"नाही जमायचं मला," मिस्त्री म्हणाला.

त्यांनी हात जोडले.

"बाई, तुमच्या जिवाचं काही झालं तर? नाही जमायचं."

त्यानं सगळं होतं तसं जोडून दिलं. करवतीचा ओरखडा मेण भरून बुजवला. बाई खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या, त्या तो जाईपर्यंत वळल्या नाहीत. रस्ताभर तो स्वतःला सांगत राहिला, की आपण त्यांच्यासाठी थांबलो. पण करवत उचलली तेव्हा त्याची पहिली नजर फळीवरच गेली होती, किती खोल गेलंय ते बघायला. हे त्याला माहीत होतं आणि पुढे ते त्याच्या मनातून कधीच गेलं नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी बाई गेल्याचं कळलं. झोपेतच गेल्या म्हणे. मिस्त्री भेटायला गेला. बाहेर चपलांचा ढीग, आत नातेवाईक, आणि सगळ्यांच्या डोक्यावरून ते गाणं. एक म्हातारे गृहस्थ शेजाऱ्याला हळूच विचारत होते, "कोण गातंय हो? काय आवाज आहे!"

"जुनं आहे," न्यायाधीश म्हणाले.

एक तरुण बाई पाणी घेऊन पुढे आली. "तुम्ही मिस्त्रीकाका ना? मी मुलगी यांची. आई फोनवर सांगायची तुमच्याबद्दल. म्हणजे, आवाज होता तोपर्यंत." ती भडाभडा बोलत होती, रडून रडून डोळे सुजले होते तरी. "बाबांना एकटं कसं ठेवायचं, म्हणून मी इथेच राहायला आलेय. काल दारात आले आणि हे ऐकून मला वाटलं, आईच गातेय. वेडीच मी. आई कुठे गायची कधी?"

मिस्त्रीनं पेला खाली ठेवला. "ताई," तो म्हणाला, "तुम्ही इथे राहू नका."

"का हो?"

त्यानं कपाटाकडे पाहिलं. तेवढ्यात कोणीतरी तिला आत हाक मारली. ती गेली.

माणसं पांगल्यावर न्यायाधीशांनी मिस्त्रीला कपाटाजवळ बोलावलं. कपाटाच्या उजवीकडे भिंतीचा एक तुकडा मोकळा होता. त्यावरून त्यांनी बोटानं सावकाश एक चौकोन काढला.

"इथे अजून एक बसेल. असंच. शिसवाचंच."

"मी नाही करणार साहेब."

"हरकत नाही. दुसरा कोणीतरी करेल. नमुना समोरच आहे."

आत स्वयंपाकघरात मुलगी कोणाशी तरी बोलत होती. न्यायाधीशांनी डोळे मिटले, मान किंचित कलती केली आणि तिचं वाक्य पुरं होईपर्यंत ऐकलं. मग भिंतीवर काढलेला चौकोन त्यांनी बोटानंच थोडा आत घेतला.

"जरा लहानच लागेल," ते म्हणाले. "हिचा आवाज बारीक आहे."